मामा, भोंगा आणि टाइम मशीन

माणसाला वयाच्या नवव्या वर्षी कोणता सिनेमा चिकटावा याला काही नियम नाही. आमच्या चाळीतल्या एकाला त्या वयात 'संपूर्ण रामायण' चिकटला आणि तो पुढे वकील झाला. दुसऱ्याला दारासिंग चिकटला. तो आज सत्तरीतही कॅरमची सोंगटी मारताना दंड फुगवतो. मला चिकटला 'द टाइम मशीन'. जॉर्ज पाल या मूळच्या हंगेरियन दिग्दर्शकाचा, १९६० सालचा, एच. जी. वेल्स यांच्या १८९५ सालच्या कादंबरीवरचा. गोंदणासारखा तो गेली साठ वर्षं माझ्या अंगावर आहे. आमच्या घरात त्याला 'ह्यांचं ते खुर्चीचं पिक्चर' म्हणतात.

आता 'खुर्चीचं' म्हणणं अगदीच अन्यायाचं नाही. १८९९ सालच्या शेवटच्या रात्री लंडनमधला जॉर्ज नावाचा संशोधक स्वतःच बांधलेल्या यंत्रात बसून भविष्यात जायला निघतो. यंत्र म्हणजे मागे भलीमोठी गोल फिरणारी तबकडी, पुढे एक दांडा आणि मध्ये मखमलीची खुर्ची. ती खुर्ची थेट आमच्या नाक्यावरच्या सलूनमधल्यासारखी. त्यामुळे पुढे कित्येक महिने मी केस कापायला विनातक्रार जात असे आणि बसल्याबरोबर दांडा चाचपत असे. न्हाव्यानं आईला बोलावून "पोराला काही होतंय का?" म्हणून विचारलंसुद्धा.

या यंत्राची खरी गंमत अशी की ते जागचं हलत नाही. काळ तेवढा त्याच्यावरून निघून जातो. जॉर्ज दांडा पुढे करतो, की मेणबत्ती भराभर वितळते, गोगलगाय आगगाडीसारखी पळते, फुलं उघडझाप करू लागतात. समोरच्या दुकानाच्या काचेत एक पुतळी उभी असते, तिचे झगे एकामागून एक बदलत जातात. रस्त्यावरची माणसं बदलतात, गाड्या बदलतात. पुतळी मात्र जशीच्या तशी.

हा सिनेमा मला दाखवला मामांनी. मामा लालबागच्या एका गिरणीत मागावर होते आणि आमच्याच चाळीत राहत. रात्रपाळी करून सकाळी आले की खोलीत झोप लागणं अशक्य, कारण खोलीत नऊ माणसं आणि खिडकीखाली नळ. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. सुट्टीच्या दिवशी मला घेऊन कोटातल्या एखाद्या इंग्रजी थेटरात मॅटिनीला जायचं. थेटर एअरकंडिशन आणि सिनेमा इंग्रजी, म्हणजे झोपमोड होण्याचा संभव नाही. मी बघायचं आणि मामांनी घोरायचं, अशी आमची वाटणी. परतताना मी त्यांना गोष्ट सांगायची, म्हणजे "काय बघितलंत?" या मामींच्या प्रश्नाला उत्तर तयार. इंग्रजी मलाही येत नव्हतं, पण मामींना ते कुठे ठाऊक होतं!

त्या दिवशी मामा ठरल्याप्रमाणे झोपले. इकडे जॉर्ज आठ लाख दोन हजार सातशे एक साली जाऊन पोचला. त्या काळी जमिनीवर राहतात ते एलॉय. सोनेरी केसांचे, फळं खाऊन नदीकाठी लोळणारे, कशाचंच काही न वाटणारे. जमिनीखाली मॉरलॉक. निळसर कातडीचे, चमकत्या डोळ्यांचे. यंत्रं चालवायची ती त्यांनी. आणि एकाएकी भोंगा वाजतो! एलॉय होते तिथे थबकतात आणि झोपेत चालल्यासारखे एका प्रचंड स्फिंक्सखालच्या दारातून आत शिरू लागतात.

मामा ताडकन उठून बसले. नुसते बसले नाहीत, पायांनी चपला शोधू लागले. "पाळी लागली?" त्यांनी विचारलं. मग त्यांचं पडद्याकडे लक्ष गेलं, आणि पुढे काही ते झोपले नाहीत.

भोंगा थांबला. दार बंद झालं. बाहेर उरलेले एलॉय मुकाट्यानं परत फिरले.

"बदलीवाले," मामा म्हणाले. "आज काम नाही. उद्या या."

आत गेलेल्यांना मॉरलॉक खातात हे कळल्यावर ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे यांच्यात बदलीवाल्याचंच नशीब बरं." मागच्या रांगेतला एक पारशी गृहस्थ 'शू' म्हणाला.

वेल्स यांच्या कादंबरीत मॉरलॉक हे कामगारांचेच वंशज आहेत, हे मला पुढे कॉलेजात पुस्तक वाचून कळलं. मामांचं काम नुसत्या भोंग्यावर भागलं होतं.

सिनेमात १९६६ सालच्या ऑगस्टात लंडनवर अणुहल्ला होतो. आम्ही पाहिला तेव्हा त्याला तीन वर्षं अवकाश होता. जग १९६६ साली बुडणार असेल तर मी स्कॉलरशिपला बसावं का, असं मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "बसा भाचेराव. बुडालं तर पेपर तपासायला कोणी नाही. आणि नाही बुडालं तर वांधा." तो ऑगस्ट यथावकाश आला. अधिक श्रावण संपून निज श्रावण लागला, पहिल्या शुक्रवारी आईनं जिवतीची पूजा करून आम्हां भावंडांना ओवाळलं, पुरणपोळ्या झाल्या आणि जग शाबूत राहिलं. सिनेमावाल्यांना जिवतीची कल्पना नसावी, असं आईचं मत पडलं.

अलीकडे मी नातवाला हा सिनेमा दाखवला. तो डोंगरावरून वाहणाऱ्या लाव्हाकडे बघून म्हणाला, "आजोबा, हे खोटं आहे." मला ते ठाऊक आहे. तो लाव्हा म्हणजे रंगवलेली ओटची पेज होती. पण याच सिनेमाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. पेजेवर ऑस्कर मिळवून दाखवा म्हणावं!

वयाबरोबर सिनेमातलं आपलं माणूस मात्र बदलतं. नवव्या वर्षी मी यंत्राकडे बघत होतो. आता फिल्बीकडे बघतो. फिल्बी हा जॉर्जचा मित्र. तो स्वतः यंत्रात बसत नाही. १९१७ साली जॉर्ज वाटेत थांबतो तर त्याच्या घराला फळ्या ठोकलेल्या. फिल्बीचा मुलगा त्याला सांगतो, की वडील युद्धात गेले. पण हे घर त्यांनी कोणाला विकू दिलं नाही, कारण घराचा मालक एक दिवस परत येईल अशी त्यांची खात्री होती. या जागी मला हल्ली चष्मा पुसावा लागतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. मामांच्या गिरणीचा भोंगा बंद पडला, तरी मामा भोंग्याच्या वेळेला उठून बसत. गिरणीचा पास त्यांनी ट्रंकेत धोतराच्या घडीत ठेवला होता. "उद्या गिरणी उघडली की दारवान आधी पास मागेल," असं म्हणत. ते गेले तेव्हाही पास घडीतच होता.

सिनेमातलं ते यंत्र एम.जी.एम. कंपनीनं १९७० साली लिलावात विकलं. पुढे बॉब बर्न्स नावाच्या एका शौकिनाला ते जुन्या सामानाच्या दुकानात सापडलं आणि त्यानं ते पुन्हा नव्यासारखं केलं. मामांचे मागही भंगारात गेले. त्यांना बॉब बर्न्स भेटला नाही.

गिरणीच्या जागी आता मॉल आहे. नातवाच्या बुटांसाठी तिथं जाणं होतं. जागा तीच, हललेली नाही. काचेआड एक पुतळी उभी असते आणि दर खेपेला तिच्या अंगावर नवा झगा असतो. वरच्या मजल्यावर मंडळी फळांचे रस पीत बसलेली असतात. मीही पितो. महाग असतो, पण बरा असतो.

सिनेमाच्या शेवटी जॉर्ज पुन्हा भविष्यात निघून जातो आणि त्याच्या कपाटातली तीन पुस्तकं नाहीशी झालेली असतात. कोणती, हे शेवटपर्यंत कळत नाही. आमच्या घरी त्यावर दर वेळी वाद होतो. आमच्या सौ.चं पहिलं पुस्तक 'रुचिरा'. फळांवर किती दिवस काढणार, असा तिचा सवाल आहे. नातू तिन्ही पुस्तकांऐवजी एक चार्जर न्यायला तयार आहे.

मामांना मी हे तेव्हाच, परतताना ट्राममध्ये विचारलं होतं.

"पुस्तकांचं मला काय विचारता, भाचेराव? मी असतो तर आधी तो भोंगा बंद पाडला असता."

लालबाग येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग उतरता उतरता म्हणाले, "पण मग पगार कोण देणार?"