वांचलेली वीट

बांधकामाजवळून जातांना मी इमारतीची उंची पाहत नाहीं. बाजूला पडलेल्या फुटक्या विटांचा ढीग पाहतों. व्यवस्थापकाची परीक्षा तेथेंच होते. लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनीं केरळांत विटा आडव्या न निजवितां कडेवर उभ्या रचल्या. भिंतींत पोकळी राहून सुमारें २५ टक्के विटा वांचल्या, भट्टीचें सरपण वांचलें आणि घरांत उष्माहि कमी शिरला. ही विद्या नुसत्या नकाशानें येत नाहीं. गवंड्याशेजारीं उभें राहून त्याला शिकवावें लागतें, त्याच्याकडून शिकावें लागतें, झाड वाटेंत आलें तर भिंत वळवावी लागते. परंतु ज्याचा मोबदला एकूण खर्चाच्या टक्केवारीवर ठरतो, त्याची प्रत्येक काटकसर त्याच्याच खिशाला कात्री लावते! हें कसब हवें असेल, तर वांचलेल्या विटेचाहि मोबदला देण्यास आपण घरमालकांनींच शिकलें पाहिजे.