आभारानंतरचा तास

पेरण्या आटोपून मुलं कॉलेजात परतली, की राष्ट्रीय सेवा योजनेच्या बैठकीत मी त्यांनाच विषय विचारते. यंदा उत्तर लगेच आलं : सर्पदंश. कोकणातल्या आमच्या मुलांना हा विषय पुस्तकात शोधावा लागत नाही. लाकडाच्या रचाईत, गवताच्या भाऱ्यात, न्हाणीच्या आडोशाला त्यांनी तो पाहिलेला असतो. देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं साप चावून दगावतात, असं २०२० साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगतो. त्यातली बहुतेक खेड्यातली.

वक्ता कोण, यावर थोडी चर्चा झाली. कुणाला मोठं नाव हवं होतं. मी मात्र ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांसाठी हट्ट धरला. रात्री-अपरात्री ज्यांच्या टेबलावर असा रुग्ण येतो, त्यांच्या बोलण्याला वेगळं वजन असतं.

मग पत्रं, माईक, सतरंज्या, सूत्रसंचालनाची तालीम. फलकलेखन एका शांत मुलाने मागून घेतलं. नाग, घोणस, फुरसं झटपट झाले. मण्यारीपाशी तो अडला. काळ्या अंगावरचे बारीक पांढरे पट्टे जोडीजोडीने येतात, मानेकडे पुसट होत जातात, हे आजोबांना विचारून आला आणि खडूची टोकं घासून घासून त्याने ते पट्टे ओढले. त्या फळ्यासमोर मी बराच वेळ उभी होते. शिकणं याहून वेगळं काय असतं?

डॉक्टर सुरेख बोलले. जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. पुढच्या रांगेतल्या मुलीची ओढणी आणि एक काठी घेऊन त्यांनी मोडलेल्या हाडासारखा पाय स्थिर कसा ठेवायचा ते करून दाखवलं. गाठ सैल, पाय निश्चल. शाल, श्रीफळ, आभार झाले आणि सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली.

तेव्हा एक मुलगी पुढे आली. "सर, आम्ही सगळे खालीच झोपतो. खाट नाही. मग?"

डॉक्टर पुन्हा खुर्चीवर बसले. "मण्यार रात्रीच फिरते, बाळ. चावलेलं दुखतही नाही, सूजही येत नाही. माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणतो, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी हवीच."

भरल्या सभागृहात हे तिला विचारता आलं नसतं. म्हणून मला वाटतं, आपण कार्यक्रमपत्रिकेतली सत्काराची मिनिटं कापावीत आणि हा वेळ राखून ठेवावा.

मागून एकाने विचारलं, "१०८ ला फोन करायचा, पण आमच्या वाडीत रेंजच नाही."

"वाडीत गाडी कुणाकडे आहे?"

"सरपंचांच्या भावाकडे टेम्पो आहे."

"रात्री चालवायला कोण उठेल?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मग हजेरीचा कागद उलटा झाला. वाडीचं नाव, गाडी, चालवणारा, रेंज कुठल्या वळणावर मिळते, सरकारी दवाखान्यात प्रतिविष आहे का हे विचारायचं कुणी. शेवटची एसटी चुकणार म्हणून मी डॉक्टरांना आठवण केली. "मोटरसायकलवाला एखादा असेलच की यांच्यात," असं म्हणत त्यांनी पुढच्या वाडीचं नाव विचारलं.