मेरा नाम किस डिब्बे में है?

मार्च संपत आला, की दिल्लीच्या नई सडक आणि सदर बाजारात शिक्षिका लगेच ओळखू येतात. एका बगलेत चार्ट पेपरच्या सुरळ्या, दुसऱ्या हातात क्रेप पेपर, चमकी, फेविकॉलची बाटली, आणि रिक्षावाल्याशी घासाघीस चाललेली. १ एप्रिलला नवं शैक्षणिक वर्ष सुरू होणार. त्याआधी वर्ग सजलाच पाहिजे! महाराष्ट्रात जूनच्या पावसात उडणारी धांदल इथे उन्हाळ्याच्या तोंडावर उडते. खर्च बरेचदा स्वतःच्याच पर्समधून होतो, हे घरी सांगायचं नसतं.

लग्न होऊन दिल्लीत आलेल्या एक मराठी बाई पूर्व दिल्लीतल्या खासगी शाळेत पहिलीला शिकवतात. त्यांच्या वर्गाचं शाळेत नाव होतं. एका वर्षी त्यांनी दोन रात्री जागून आगगाडी केली. इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत अख्खी भिंत भरली. प्रत्येक गुलाबी डब्यावर एका मुलाचं नाव आणि वाढदिवस. मुख्याध्यापिका खूष, पालक खूष.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एक नवी मुलगी आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा असतात. तिचा नंबर सोडतीत लागला होता, म्हणून यायला उशीर. मधल्या सुट्टीत ती आगगाडीपाशी उभी राहिली. टाचा उंचावून, बोट फिरवत, अक्षरं जुळवत शेवटपर्यंत गेली. पुन्हा इंजिनापाशी आली. मग तिनं विचारलं, ‘‘मॅम, मेरा नाम किस डिब्बे में है?’’

बाईंनी घरी जाऊन डबा कापला. पण गुलाबी कागद संपलेला, म्हणून पिवळा. आणि लावायचा कुठे? गार्डच्या डब्यापुढे लगेच दाराची चौकट. शेवटी तो गाडीखालीच टाचला. दुसऱ्या दिवशी एक मुलगा सहज म्हणाला, ‘‘तेरा डिब्बा तो पटरी से उतर गया.’’ सगळा वर्ग हसला. मुलगी काही बोलली नाही. त्यानंतर ती त्या भिंतीकडे पाठ होईल अशाच बाकावर बसू लागली.

बाईंच्या मनातून ते जाईना. ही सजावट नक्की कोणासाठी होती? चित्रं मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि नावं सुंदर वळणदार अक्षरांत. मुलांचा हात तिला कुठेच लागला नव्हता.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात बालवर्गातल्या २४ मुलांना कधी सजावटीनं गच्च भरलेल्या, तर कधी साध्या खोलीत शिकवलं. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त उडालं आणि उत्तरंही कमी बरोबर आली, ५५ टक्क्यांऐवजी ४२ टक्के. म्हणून काही कोणी भिंती बोडक्या ठेवणार नाही. पण दिसली जागा की भर, ही आपली हौस तपासून पाहायला हरकत नाही.

दिल्लीचेच वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांनी शाळेची इमारतच शिकवण्याचं साधन व्हावी, अशी कल्पना मांडली. दार उघडतं तिथे जमिनीवर कोन आखायचे, म्हणजे दार किती अंशांत फिरलं ते मूल स्वतः पाहतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डीचं काम तर बाईंनी डी.एड.ला अभ्यासलंच होतं. १९४५ पासून तिथल्या बालवाडीत महागड्या साधनांऐवजी शंख, बिया, पानं, खडे वापरले गेले. परीक्षेत त्यावर टीप लिहिली, गुणही मिळाले आणि नंतर बाई थर्माकोल कापत बसल्या! (२०२२ च्या जुलैपासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे, ते बरंच झालं.)

पुढच्या एप्रिलमध्ये बाईंच्या वर्गाची एक भिंत जवळपास रिकामी होती. मुलांच्या खांद्याच्या उंचीवर सुतळी बांधलेली, तिला कपड्यांचे चिमटे, खाली खोक्यात कोरी कार्डं आणि खडू. पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपलं नाव लिहायचं, जमेल तसं. कोणाचं ‘र’ उलटं, कोणाचं नाव दोन कार्डांवर गेलेलं. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून म्हणाल्या, ‘‘अभी तक बोर्ड नहीं सजाया?’’ मुख्याध्यापिकांनीही नापसंती दाखवली. बाईंनी पंधरा दिवस मागून घेतले.

सुतळीची दोन्ही टोकं मुद्दाम लांब सोडली होती. मेच्या सुट्टीआधी एक मुलगा उशिरा दाखल झाला. त्यानं खोक्यातून कार्ड घेतलं, नाव लिहिलं आणि सगळ्यांच्या बरोबर मध्ये चिमट्यानं अडकवलं. दोन्हीकडची मुलं आपापली कार्डं सरकवू लागली. पंख्याच्या वाऱ्यानं त्याचं कार्ड सारखं फडफडत होतं, तेव्हा त्यानं हक्कानं आणखी एक चिमटा मागितला.