दप्तरांतील हेरकथा

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत मी व्याकरण शिकवीत असतां मागल्या बांकावरील एक विद्यार्थिनी मान खालीं घालून कांहीं वाचीत असलेली दिसली. जवळ जाऊन पाहतों, तों मांडीवर एक जाड हिंदी पुस्तक! मीं तें काढून घेतलें. ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, घरीं सांगूं नका." पुस्तकाचें नांव वाचलें मात्र, आणि माझें व्याकरण तेथेंच थांबलें. तें होतें देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’.

ज्यांनीं ही कादंबरी वाचली नसेल, त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. ती 1888 सालीं प्रसिद्ध झाली. खत्री हे काशीच्या बाजूस चकिया व नौगढ येथील जंगलांचे ठेकेदार होते. त्या रानांतील पडके किल्ले व खिंडी हिंडतां हिंडतां त्यांस ही कथा सुचली. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचें परस्परांवर प्रेम. परंतु दोन्ही राज्यांत वैर, म्हणून भेटीची बंदी. त्यांत दुष्ट क्रूरसिंह चुनारगढच्या राजास आपल्या बाजूस वळवितो. मग ऐयारांचे डाव सुरू होतात. ऐयार म्हणजे वेषांतरांत निष्णात असा हेर. त्याच्या बटव्यांत बेशुद्ध करण्याचें औषध, शुद्धीवर आणणारा लखलखा, आणि भिंत चढण्यास कमंद नांवाचा दोर. वीरेंद्राचा मित्र तेजसिंह व चंद्रकांतेची सखी चपला हीं दोघें या विद्येंत तरबेज. शिवाय तिलिस्म, म्हणजे गुप्त युक्त्यांनीं बांधलेली मायावी वास्तु, आहेच. ही कथा वाचतां यावी म्हणून कित्येक लोक हिंदी शिकले, असें हिंदी वाङ्मयाच्या इतिहासांत सांगितलेलें आहे. आपल्या मराठींतहि अद्भुतरम्य कथांची आवड जुनीच. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 सालची, तर नाथमाधवांची ‘वीरधवल’ 1913 सालची.

माझी व चंद्रकांतेची ओळख 1994 सालीं झाली. दूरदर्शनवर तिची मालिका रविवारीं सकाळीं लागे, आणि नेमकी तीच आमची उपासनेस निघण्याची वेळ! पुढें मामांनीं नगरहून मूळ पुस्तक आणून दिलें. तें वाचल्यापासून आमच्या जामखेड तालुक्यांतील खर्ड्याचा किल्ला मला नौगढच वाटूं लागला. 1795 सालीं मराठ्यांशीं लढतांना निजामानें ज्या कोटाचा आश्रय घेतला, त्याच कोटाच्या भिंतींत मी तिलिस्माचें दार शोधीत असें.

माझे वडील शिस्तीचे. त्यांच्या कपाटांत बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ होतें. कादंबरी म्हणून तेवढी एकच त्यांस मान्य. हेर आणि चोरटें प्रेम यांच्या गोष्टी मुलांस बिघडवितात, असें त्यांचें मत. म्हणून मी पुस्तक ज्वारीच्या पोत्यांमागें दडवून ठेवीं आणि रात्रीं वीज गेली कीं कंदिलाजवळ बसून वाचीं. "काय वाचतोस?" असें वडिलांनीं एकदां विचारिलें. मीं त्यांच्या डोळ्यांकडे पाहून सांगितलें, "भूगोल." चार दिवसांनीं पुस्तक त्यांच्या हातीं लागलें. ते रागावले नाहींत. त्यांनीं तें कपाटांत ठेवून कुलूप लाविलें. त्या दिवसापासून मी त्यांच्याशीं बेतानें बोलूं लागलों. पुस्तक गेल्याचें दुःख लवकर ओसरलें. "भूगोल" हा शब्द मात्र मनांत सलत राहिला. त्याची क्षमा मागण्याचें धैर्य मला कधींच झालें नाहीं.

वडील वारल्यानंतर तें कपाट मीं उघडलें. पदमनजींच्या पुस्तकाशेजारीं माझी ‘चंद्रकांता’ होती, आणि तिच्या तिसऱ्या भागांत दिनदर्शिकेचें एक जुनें पान खुणेसाठीं घातलेलें होतें. त्यावर वडिलांच्या हातचा हिशेब होता. म्हणजे तेहि वाचीत होते. तेहि कोणास न सांगतां! एका छपराखालीं आम्ही दोघे हेर होतों, आणि एकाच कथेविषयीं एकमेकांशीं एक अक्षरहि बोललों नाहीं.

हें सारें त्या मुलीचें वाक्य ऐकतांच आठवलें. तास संपल्यावर मीं तिला पुस्तक परत दिलें व दोन अटी घातल्या. वर्गांत वर्गाचेंच काम करावयाचें. आणि घरीं रोज या पुस्तकांतील एक बयान, म्हणजे प्रकरण, आईवडिलांस मोठ्यानें वाचून दाखवावयाचें. पुढें पालकसभेंत तिचे वडील मला म्हणाले, "सर, मला कांहीं हें पुस्तक आवडलें नाहीं. पण पोरगी रोज संध्याकाळीं माझ्याजवळ येऊन बसते." मला याहून अधिक कांहीं नको होतें.

पालकहो, मुलांनीं काय वाचावें याची काळजी आपण अवश्य वाहावी. परंतु न वाचतां, न विचारतां घातलेल्या बंदीनें पुस्तक दूर होत नाहीं. आपलें मूल आपल्यापासून दूर होतें, आणि वेषांतराची कला शिकतें. विद्यार्थी मित्रहो, तुम्हांसहि एक सांगणें आहे. त्या कथेंतील प्रेमी जीव शेवटीं एकत्र येतात ते दोन्ही राजांच्या संमतीनें, सर्वांसमक्ष. ऐयाराचा बटवा गोष्टींत शोभतो. घरांत मात्र, "बाबा, मी हें वाचतों आहें," एवढें म्हणण्याचें धैर्य असावें. मला तें झालें असतें, तर कंदिलाजवळ आम्ही दोघे बसलों असतों.