कांद्यासारखा दिसतो, पण कांदा नव्हे

आमच्या कन्नडच्या डोंगरउतारावर उन्हाळ्यात पानाविना नुसता फुलांचा दांडा वर येतो, तो रानकांदा, म्हणजे कोळकांदा. आमचे आजोबा खोकल्याला द्यायचे. कुठला गड्डा अन् किती, हे त्यांनाच ठाऊक. ते कुणाला शिकवून गेले नाहीत.

यातलं द्रव्य थेट हृदयाच्या ठोक्यावर काम करतं. भूमध्य समुद्राकाठच्या त्याच्या भावकीत पांढऱ्या गड्ड्याचं औषध झालं अन् तांबड्याचं उंदराचं विष. जात, जागा बदलली की आतली मात्राही बदलते, वरून बघून कळत नाही.

म्हणून कुणी 'गावठी औषध' म्हणून दिला तरी पोराबाळांना चाटवू नका. खोकल्याला आल्याचा काढा बरा.