तिसऱ्या दिवशी हातात कुदळ

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. यात एक कबुली आहे आणि ती माझी स्वतःची आहे.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधला माझा मित्र आणि वहिनी पुढच्या गुरुवारी केनियाला चाललेत. मोम्बासाजवळच्या एका गावात. कंपनीने पाठवलं म्हणून नाही, डॉलर कमवायला नाही. मिशनरी म्हणून. मित्र सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडली, धर्मशास्त्राचा कोर्स केला. वहिनी नर्स आहेत. आठ वर्षांची मुलगी आहे. तिकडे चर्चच्या शाळेत तो शिकवणार, वहिनी दवाखान्यात काम करणार आणि दोघं मिळून मंडळीचं काम बघणार. सुवार्ता सांगणं हा त्या कामाचा भाग आहे. हे त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही, मीही तुमच्यापासून लपवत नाही.

महिन्याभरापूर्वी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. "सेवेच्या नावाखाली बाटवाबाटवी करणाऱ्यांना सोसायटीतून हाकला" असा त्याचा मतलब. कुणाचं नाव नव्हतं. मी रिक्षात होतो, अर्धाच वाचला आणि सवयीने अंगठा दाबला. संपला विषय, असं मला वाटलं.

मित्राने तो अंगठा पाहिला. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा दूध घ्यायला माझ्याबरोबर खाली आला, सिन्नर फाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या आणि वर गेला.

बोलले ते त्याचे वडील. काका नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत, आम्हाला लहानपणी क्रिकेटची बॅट त्यांनीच आणून दिलेली. जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "तुझा अंगठा पाहिला रे बाळा." आवाज चढला नाही. मला मात्र जिना उतरवेना.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. घरात प्रवासाची तयारी चाललेली. हॉलमध्ये चार बॅगा आणि बॅग अडकवून वजन बघायचा तो छोटा काटा. एका बॅगेला तेवीस किलो. वहिनी एकदा मेतकूट बाहेर काढत होत्या, एकदा स्टेथोस्कोप. शेवटी पुस्तकं बाहेर राहिली आणि मेतकूट आत गेलं. मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस घेऊन झाली होती, तिचं पिवळं कार्ड पासपोर्टला रबर लावून ठेवलेलं. पोलिसांचा दाखला आला होता. फ्रिज विकला होता, स्कूटर धाकट्या भावाला दिली होती. मुलीने तिच्या सायकलीवर कागद चिकटवला होता, "विकू नये."

मी माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून भलताच प्रश्न बाहेर पडला. म्हटलं, "खरं सांग, उद्या कोणी परका माझ्या गावात येऊन म्हणाला की तुमचा देव सोडा, माझा घ्या, तर मला राग येईल. मग तुला शुभेच्छा कशा देऊ?"

मित्र हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "राग यायलाच पाहिजे. 'सोडा' म्हणणाऱ्याचा मलाही येतो. मी माझं सांगीन. ऐकायचं की नाही ते त्यांचं. आणि त्यांनी मला त्यांचं सांगितलं तर मला ऐकावं लागेल. तेवढी तयारी नसेल तर जाऊच नये."

मग म्हणाला, "स्वाहिली शिकतोय. त्यांच्यात एक म्हण आहे. पाहुणा दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या."

आतून काकूंनी लगेच आपली म्हण टाकली, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." सगळे हसलो. पण घरी येऊन मला वाटत राहिलं, आपली म्हण पाहुण्याला घालवते, त्यांची म्हण त्याला कामाला लावते. त्या घरातली तयारी या दुसऱ्या म्हणीची होती.

आता थोडा इतिहास. तो आपल्या नाशिकचा आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नाही. मलाही नव्हता, त्या रात्री मित्राने सांगितला, मग मी वाचला.

शरणपूर रोड आपण रोज तुडवतो. पण शरणपूर हे नाव कुठून आलं? शरण आलेल्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आरमार समुद्रात गुलामांची जहाजं अडवत असे. त्यांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात. त्यांतल्या बऱ्याच मुलांना नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये आणलं गेलं. तिथे ती शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली, मोठी झाली. लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या मोहिमेत नाशिकची मुलं होती. त्याचा मृतदेह आफ्रिकेतून इंग्लंडला गेला तेव्हा सोबत गेलेला जेकब वेनराइट हा आपल्या नाशिकच्या शाळेत शिकलेला.

आणि 1864 मध्ये याच शरणपूरमधून विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर आपापल्या बायकांना घेऊन मोम्बासाजवळच्या रबई गावी गेले. मिशनरी म्हणून. जोन्सच्या पत्नीचं नाव जेमायमा, सेमलरच्या पत्नीचं ग्रेस. जॉर्ज डेव्हिड आणि त्याची पत्नी प्रिसिला हे तिसरं जोडपं. म्हणजे नाशिकहून मोम्बासाला निघालेलं हे माझ्या समोरच्या फ्लॅटमधलं पहिलं जोडपं नव्हे. एकशे साठ वर्षांपूर्वी तीन जोडपी याच वाटेने गेली. विमान नाही, फोन नाही, तेवीस किलोचा हिशोब नाही. जिथून लहानपणी आपल्याला उचलून विकलं, त्याच किनाऱ्यावर ते परत गेले.

पुढे 1875 च्या सुमारास मोम्बासाजवळ फ्रीअरटाऊन वसलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं नाव त्याला दिलं, आणि ते उभं करायला नाशिकचे मिशनरी प्राइस गेले. नाशिकची आफ्रिकन मंडळी तिथे शिक्षक झाली, कारागीर झाली. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. रबईत जोन्स यांनी मालकाकडून पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. स्वतः ते दुःख भोगलेल्या माणसाने दिलेला आसरा होता तो.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर ही पोस्ट प्रचाराची होईल. जोन्स, सेमलर, डेव्हिड ही काय आफ्रिकन नावं आहेत? सोडवलेल्या मुलांना नवी नावं दिली गेली. आईने हाक मारायचं नाव गेलं ते गेलंच. आणि 1864 ला गेलेल्या जोन्स आणि सेमलर यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली 1885 मध्ये. एकवीस वर्षांनी. तोपर्यंत काम त्यांचं आणि खुर्ची गोऱ्यांची. मिशनच्या इतिहासात सेवा आहे, तसा हा मोठेपणाचा दर्पही आहे. मी हे मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणून तर आधी वर्षभर भाषा. नाव कोणाचं बदलायचं नाही आणि खुर्ची मागायची नाही."

भाषेवरून आठवलं. त्यांच्या मुलीला स्वाहिली आईबापापेक्षा लवकर येते आहे. तिने मला शिकवलं, पैशाला पेसा, गाडीला गारी, रंगाला रांगी, बर्फाला बाराफू, विम्याला बिमा, चहाला चाय. मी म्हटलं ही तर आपलीच भाषा! ती म्हणाली, "काका, तुमची नाही, समुद्राची आहे." आठ वर्षांच्या पोरीने हे कुठून आणलं देव जाणे. पण हजारो वर्षं या किनाऱ्याची गलबतं त्या किनाऱ्याला लागत होती, शब्द त्यातूनच गेले आणि आले.

आता कायद्याचं बोलू, कारण कमेंटमध्ये तेच येणार. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं हे तिन्ही हक्क दिलेत. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपला धर्म समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा मूलभूत हक्क नाही. यावर मतभेद आहेत, असू देत. मला त्यातून साधा अर्थ कळतो. सांगणाऱ्याला सांगू द्या, जबरदस्ती आणि आमिष आलं तिथे कायदा वापरा, आणि ऐकणाऱ्याला 'हो' म्हणायचा जेवढा हक्क तेवढाच 'नाही' म्हणायचाही ठेवा. केनियातही त्यांना त्यांच्या सरकारचा परवाना घेऊनच राहायचं आहे. तिथला माणूसही 'नको' म्हणू शकतो.

आणि आपण जरा स्वतःकडे बघू. विवेकानंद 1893 ला शिकागोला गेले, ते आपण शाळेत अभिमानाने शिकलो. इस्कॉनचे लोक परदेशी माणसाला धोतर नेसवून नाचवतात त्याचे व्हिडिओ आपणच फॉरवर्ड करतो. आपलं माणूस गेलं की संस्कृतीचा प्रसार आणि शेजारचं गेलं की बाटवाबाटवी? मोजायचं तर एकाच मापाने मोजा. आमिष दाखवलं का, भीती घातली का, खोटं बोलला का? कोणत्याही धर्माच्या माणसाला हे तीन प्रश्न विचारा. उत्तर 'नाही' असेल तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या.

मला अजूनही मिशनरी होणं पटलेलं नाही. माझा देव मला पुरतो आणि दुसऱ्याला तो द्यावा असं मला वाटत नाही. हे मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "तुला पटवायला मी काही बोललोच नाही, तीस वर्षं शेजारी राहिलो." खरं आहे. तीस वर्षांत नाताळची करंजी आमच्याकडे आली, दिवाळीची चकली त्यांच्याकडे गेली. माझ्या बाबांना रात्री दोनला हॉस्पिटलला नेलं ते याच माणसाने. त्या रात्री त्याने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं होतं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

गेल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये निरोपाची उपासना होती. मी गेलो. मागच्या बाकावर बसलो. सगळ्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. काका मात्र जागचे उठले नाहीत. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "मीच लहानपणापासून त्याला शिकवलं की देवाने बोलावलं तर जायचं. आता कुठल्या तोंडाने थांब म्हणू? पण हात ठेवला असता तर उचलवला नसता."

शंभर प्रवचनांत मला जे कळलं नसतं ते या एका वाक्यात कळलं. श्रद्धेची किंमत जाणारा भरतो, त्याहून जास्त घरी राहणारा भरतो.

तर ही कबुली. त्या मेसेजवरचा अंगठा मी काढून टाकलाय. पण तो सगळ्यांदेखत दिला होता, म्हणून सगळ्यांदेखत परत घेतोय. न वाचता दिलेला अंगठा हा अंगठाच असतो. समोरच्या दाराआड कोणीतरी तो बघत असतं.

त्यांच्या घराची एक किल्ली आता माझ्याकडे आहे. काकांच्या बीपीच्या गोळ्या सकाळी एक, रात्री अर्धी, तो कागद आमच्या फ्रिजवर लावलाय. सायकल आमच्या गॅलरीत आहे. विकणार नाही.

सोसायटीतल्या मंडळींना एकच विनंती. गुरुवारी पहाटे चार वाजता गाडी येणार आहे. बॅगा चार आहेत, लिफ्ट बंद आहे. ज्यांना जमेल त्यांनी खाली या. धर्म विचारू नका, बॅग उचला.

वेगळं मत असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. फक्त भाषा सांभाळा, काकाही फेसबुकवर आहेत.