उजेडाची खिडकी

नाताळच्या शुभेच्छापत्रांवर एक चित्र पिढ्यान्‌पिढ्या छापले जात आहे. बर्फाने झाकलेला रस्ता, चार घोड्यांची गाडी, तिच्या टपावर अंग चोरून बसलेले उतारू आणि समोर खेड्यातल्या पांथशाळेची उजळलेली खिडकी. या चित्रातले इंग्लंड अल्पायुषी ठरले. १७८४ मध्ये ब्रिस्टल-लंडन मार्गावर पहिली टपालगाडी धावली आणि १८४६ मध्ये लंडनहून सुटणारी अखेरची गाडी बंद पडली. जेमतेम साठ वर्षांचा हा पसारा. परंतु सणाच्या स्मृतीत ती गाडी अद्याप चालतेच आहे.

वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने आपल्या ‘स्केच बुक’मध्ये यॉर्कशरमधील असा एक प्रवास रंगविला आहे. नाताळचा आदला दिवस. आप्तेष्टांकडे मेजवानीला निघालेल्या मंडळींनी गाडी गच्च भरली आहे. शिकारीच्या जिनसांच्या करंड्या रचल्या आहेत, गाडीवानाच्या बैठकीभोवती ससे टांगले आहेत. सुटीसाठी घरी निघालेल्या तीन शाळकरी मुलांना आईबहिणींइतकीच आपल्या तट्टाचीही ओढ लागली आहे. रात्री प्रवासी पांथशाळेत उतरतो, तेव्हा घासून लखलखीत केलेली भांडी, आढ्याला टांगलेले मांस आणि मोठ्या आगटीभोवती जमलेली अनोळखी माणसे त्याला दिसतात. घटकाभरापुरते कोणी कोणाला परके राहत नाही.

ही ऊब खरीच होती. मात्र ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नसे. टपालगाडीच्या आत चारच जागा असत. ज्याच्या गाठीला पैसा कमी, तो टपावर बसे. मार्च १८१२ मध्ये बाथची गाडी चिपनम येथे पोहोचली, तेव्हा टपावरचे दोन उतारू गारठून मेलेले आढळले आणि तिसरा अखेरच्या घटका मोजत होता. साधारण दर दहा मैलांवर घोडे बदलावे लागत. त्यासाठी मोतद्दार ताजे घोडे घेऊन अंगणात तिष्ठत उभे राहत, कर्णा ऐकू येताच धावत आणि दोन-चार मिनिटांत गाडी पुढे रवाना करीत. त्यांचा नाताळ घामाने निथळणाऱ्या घोड्यांना खरारा करण्यात सरे.

१८३६ च्या नाताळात इंग्लंडवर हिमवादळ कोसळले. रस्ते बुजले, गाड्या जागच्या जागी रुतल्या, आणि टपालाच्या रक्षकांना थैल्या घेऊन घोड्यावरून वा पायी पुढची वाट काढावी लागली. योगायोग असा की, त्याच महिन्याच्या अखेरीस डिकन्सच्या ‘पिक्‌विक पेपर्स’चा नवा अंक बाहेर पडला. त्यातही नाताळचीच सफर होती : गाडीत कोंबलेला अजस्र मासा, कालवांची पिंपे आणि अखंड हास्यविनोद. दोन वर्षांतच लंडन-बर्मिंगहॅम लोहमार्ग पूर्ण झाला आणि महामार्गावरच्या पांथशाळांची अंगणे ओस पडू लागली.

मागे उरली ती हसणारी गाडी. स्मृती बहुधा आगटीजवळची जागा पकडून बसते आणि तेथूनच बाहेरचा बर्फ न्याहाळते. त्यामुळे तिला तो सुंदर दिसतो. पण त्या खिडकीच्या उजेडाचे मोल टपावरून उतरणाऱ्याला अधिक ठाऊक असे. सुन्न झालेली बोटे आगीपुढे धरून तो पेला उचलतो न उचलतो, तोच बाहेर पुन्हा कर्णा वाजे.